तीनघावचा उजवा हात

कारखान्यात सगळे त्याला तीनघाव म्हणत. हे नाव कुणी ठेवलेलं नव्हतं. लोखंडाला गंज चढतो तसं ते त्याला हळूहळू चढलं, आणि पुढे त्याखालचं मूळ नाव हजेरीपुस्तकाशिवाय कुणाला आठवेना.

खोदकामाची अवजड यंत्रं तिथे दुरुस्तीला येत. अशा यंत्राला एक लोखंडी हात असतो, हाताच्या टोकाला माती उपसणारी बादली, आणि दोन्ही जोडणारी मांडीएवढी जाड पिन. चिखल, पाणी आणि वेळेवर ग्रीस न घालणारे चालक अशा तिघांच्या संयुक्त परिश्रमांतून ही पिन आपल्या भोकात इतकी घट्ट बसते की ती काढायची वेळ आली म्हणजे भलेभले हात टेकतात. मग एकाने लांब दांड्याचा पंच, म्हणजे पोलादी खुंटा, पिनेवर टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने आठ किलोचा घण आडवा फिरवून त्यावर हाणायचा. हा दुसरा म्हणजे तीनघाव. पहिल्या घावाला गंज फुटे, दुसऱ्याला पिन सरके, तिसऱ्याला ती पलीकडच्या पत्र्यावर धाडकन पडे. अख्खी शेड हातातलं काम थांबवून मोजायची, "एक! दोन! तीन!" ही तिथली रीत होती. कामाच्या वेळेत काम थांबवायची एवढी एकच सबब फोरमनला मान्य होती.

तीनघावची सगळी पुण्याई त्याच्या उजव्या हातात आहे, याबद्दल दुमत नव्हतं. निदान त्याचं स्वतःचं तरी नव्हतं. फार पूर्वीच्या एका फोरमनने निवृत्त होताना भर समारंभात त्याचा दंड दाबून "ही आपल्या कारखान्याची दौलत!" असं म्हटलं होतं. तेव्हापासून तो हात घरात पाहुण्यासारखा राहू लागला. भाजीची पिशवी उजव्या हातात घ्यायची नाही. झोपायचं डाव्या कुशीवर. रोज संध्याकाळी त्या हाताला मालिशचं तेल. बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी एकदा त्याच हातात पाण्याची भरलेली बादली दिली, तर तो म्हणाला, "अगं, हा कामाचा हात आहे."

"मग माझे काय शोभेचे आहेत?" असं तिने विचारलं होतं. त्याने बादली डाव्या हातात घेतली होती.

तर, गेल्या दोनेक वर्षांत या दौलतीला गळती लागली. तीनाचे चार झाले, चाराचे सहा. एकदा तर अकरा. खांदा असा ठणकायचा की जेवताना घास डाव्या हाताने घ्यावा लागे. शेडमधली माणसं भली होती. ती तीनपर्यंत मोजत आणि मग गप्प होत. चौथा घाव कुणी मोजत नसे. सगळे एकदम आपापल्या नटबोल्टांत मान घालत. ही शांतता तीनघावला घणापेक्षा जड जाई. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं.

मग नवीन मशीन आलं. तेलाच्या दाबावर पिन ढकलून बाहेर काढणारं, निळ्या रंगाचं. शेडने त्याचं बारसं पहिल्याच दिवशी केलं: जावई. कारण त्याला बसायला स्वतंत्र पाट केला होता, वेळच्या वेळी तेल पाजावं लागे, आणि जराशी जागा अडचणीची असली की ते कामाला नकार देई.

जावई आल्यावर फोरमनने तीनघावला केबिनमध्ये बोलावलं. फोरमन वयाने लहान होता. एके काळी त्यानेच तीनघावसाठी पंच धरला होता.

"दादा, बसा. खांदा कसा आहे?"

"खांद्याला काय धाड भरलीय?"

"डॉक्टरांनी वेगळं लिहिलंय." त्याने बदलीचा कागद पुढे सरकवला. "महिनाअखेरीपासून तुम्ही स्टोअरला. पंखा आहे, खुर्ची आहे. चिठ्ठी आली की माल द्यायचा."

स्टोअर म्हणजे काय ते तीनघावला ठाऊक होतं. त्याच्याआधीचा घणवाला तिथेच गेला होता. सहा महिन्यांनी भेटायला गेलं तर तो वायसर मापाप्रमाणे लावत बसलेला. आधीच मापाप्रमाणे लावलेले वायसर.

"मी नाही जाणार," तीनघाव म्हणाला.

"दादा, परवा अकरा लागले."

"पिनच तशी होती."

"पिन तशीच असते हो. निघत नाही म्हणूनच आपल्याकडे आणतात." फोरमन थोडा ओशाळला. जुन्या माणसाशी असं बोलायची त्याला सवय नव्हती. "बरं, असं करू. महिनाअखेरीपर्यंत एक पिन तीनात काढा. एकच. तुमच्यासमोर हा कागद फाडतो. शब्द."

हातात तेवीस दिवस होते, आणि तो हात दुखत होता.

घरी त्याने ही गोष्ट जेवताना सांगितली. डाव्या हाताने जेवत असल्यामुळे तिचं गांभीर्य आपोआप वाढलं. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची. दिवसभर ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून ओढून काढायचे आणि झटकून तारेवर टाकायचे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाताला किती दिवस दोष द्यायचा? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"म्हणजे माझ्या हातात जोर उरला नाही म्हण की सरळ."

"मी आडाबद्दल बोलले. तुम्ही लगेच पोहरा घेऊन बसलात," असं म्हणून ती उठली आणि दार लावायला गेली. त्यांच्या घराचं पुढचं दार फुगलेलं होतं. तीनघाव ते लावायचा तेव्हा दोन्ही हातांनी रेटायचा, दात-ओठ खायचा, आणि तरी बोटभर फट राहायची. बायकोच्या दोन्ही हातांत खरकटी ताटं होती. तिने जरा वळून कमरेने एक टिचकी दिली. दार बसलं. हे तो वीस वर्षं बघत होता, म्हणजे वीस वर्षं त्याने ते पाहिलं नव्हतं.

त्यांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा चिमूटभर होती म्हणून चिमटी. आता एकोणीस वर्षांची झाली तरी वडिलांच्या खांद्याच्या खालीच. ती बेसबॉल खेळायची. या खेळाबद्दल तीनघावचं मत असं होतं की ती घणाची खोटी खोटी भातुकली आहे. किलोभराचीसुद्धा नाही अशी लाकडी काठी, तीही दोन्ही हातांनी धरायची, आणि समोरून येणाऱ्या मूठभर चेंडूला मारायची. शिवाय त्या खेळात तीन हुकले की माणूस बाद. त्याच्या धंद्यात तीन बसले की पिन बाद. कुठला धंदा इभ्रतीचा, हे उघड होतं.

त्या रविवारी चिमटी हातमोजा घरीच विसरून गेली आणि बायकोने तो द्यायला त्याला मैदानावर पिटाळलं. तीनघाव मोजा घेऊन पोचला तेव्हा चिमटी बॅट घेऊन उभी होती. समोरच्या दांडग्या मुलीने चेंडू फेकला. चिमटीने जरा मागे बसल्यासारखं केलं, पुढचा पाय टाकला, आणि कोरड्या लाकडाचा एक स्वच्छ आवाज झाला. चेंडू मैदान ओलांडून, मैदानामागची भिंत ओलांडून, मागच्या गल्लीत गेला. गल्लीत कुणीतरी ओरडलं. त्यावरून कळलं की चेंडू पोचला.

तीनघाव मनात हिशेब मांडू लागला. ही पोर घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण त्याच्याकडून उघडून घेते.

"वाऱ्याने गेला," तो म्हणाला.

संघाचे सर शेजारीच उभे होते. कमी बोलणारे, शिट्टीने काम भागवणारे. ते म्हणाले, "काका, तुम्ही मारून बघता?"

"नको. उगीच चेंडू फुटायचा."

मुली हसल्या. मग माघार घेणं शक्य नव्हतं. त्याने बॅट घेतली, खांबासारखे पाय रोवले, उजवा दंड जरा फुगवून दाखवला आणि पहिल्या चेंडूवर सर्व शक्तीनिशी प्रहार केला. चेंडू सरांच्या मागच्या जाळीत शांतपणे विसावला होता. तीनघाव स्वतःभोवती दीड फेरी मारून मातीत बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इतकं शब्दशः क्वचितच घडतं.

दुसरा चेंडू लागला. तो घरंगळत गेला आणि फेकणाऱ्या मुलीच्या पायाशी थांबला. तिने तो मोठ्या आदराने उचलला.

"काका, तुम्ही हाताने मारता," सर म्हणाले.

"मग काय कानाने मारायचं?"

"पायाने." एवढं बोलून सरांनी शिट्टी वाजवली. त्यांचं व्याख्यान संपलं होतं.

संध्याकाळी तीनघाव गॅलरीत खांद्याला तेल चोळत बसला. चिमटी शेजारी येऊन टेकली.

"बाबा, लागलं का?"

"मला काय लागतंय! ते तुझे सर म्हणाले पायाने मार. चांगले आहेत ना ते? म्हणजे डोक्याने?"

चिमटीने फोन काढला. तिच्याच फटक्याचं चित्रण होतं, अगदी सावकाश केलेलं. "आता चेंडू बघू नका आणि हात तर अजिबात बघू नका. माझे पाय बघा. मागच्या पायावर बसले. आता पुढचा टाकला. टाच टेकली, दिसलं? इथे थांबवते. बॅट कुठे आहे?"

बॅट अजून मागेच होती. खांद्याच्याही मागे. जणू तिला घाई नव्हती.

"आता कंबर वळतेय. बॅट मागेच. कंबरेपाठोपाठ छाती, मग खांदा, मग हात, आणि रांगेत सगळ्यात शेवटी बॅट. पुढचा पाय रोवला की तो गच्च होतो. बस एकदम थांबली की उभी माणसं कशी पुढे जातात? तसं खालचं सगळं थांबतं आणि वरचं सुटतं. जमिनीने दिलेलं हाताने नुसतं पुढे द्यायचं. आणि मूठ ढिली. दुधाची पिशवी धरल्यासारखी. घट्ट आवळलीत की जोर मुठीतच अडकून बसतो."

"तीस वर्षं घण मारतोय मी," तीनघाव म्हणाला.

"हो ना. तेच तर..." चिमटी बोलता बोलता थांबली. उठून आत गेली आणि भिंतीवरचा फोटो काढून घेऊन आली.

तो फोटो तिच्या जन्माआधीचा होता. कुठल्याशा समारंभासाठी कुणी छायाचित्रकार कारखान्यात आला होता, त्याने ऐन घाव घालताना तीनघावला टिपलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हा फोटो दाखवला जाई आणि प्रत्येक जण म्हणे, काय दंड आहे! चिमटीने दंडावर अंगठा ठेवून तो झाकला.

"आता बघा."

फोटोतल्या तरुणाची मागची टाच उचललेली होती. पुढचा पाय ताठ. कंबर पार पिनेकडे वळलेली, छाती अर्धी, आणि घण अजून पाठीमागे, कुठेतरी फोटोच्या चौकटीबाहेर. त्याला घाई नव्हती. चिमटीने शेजारी फोन धरला. दोन्हीकडे तोच माणूस होता, फक्त एकाला मिशा होत्या.

"लहानपणी मी याच फोटोसमोर लाटणं घेऊन उभी राहायचे," चिमटी म्हणाली. "आईला विचारा."

"दोन दिवे फुटलेत," आई आतून म्हणाली.

तीनघावने फोटो हातात घेतला. कुठे बिघडलं ते त्याला कळायला लागलं होतं. दंडाची तारीफ होण्याआधी तो नुसता पिन काढायचा. तारीफ झाल्यावर दंड मारायला लागला. वय होतं तोवर ते खपलं. शिवाय शेड मोजायला लागल्यावर तो छाती काढून, पाय रोवून उभा राहू लागला. बघे जमले की माणूस ताठ होतो, आणि ताठ झालेला माणूस वळू शकत नाही. पंचवीस वर्षं घरातल्या भिंतीवर उत्तर लटकत होतं आणि घरधनी त्याखाली बसून हाताला तेल लावत होता.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बाहेरच्या खोलीत, झाडू घेऊन. चिमटी जमिनीवर बसून त्याच्या टाचेवर नजर ठेवायची. "बाबा, हात आधी निघाला. परत." "बाबा, मूठ! दूध सांडलं." तिसऱ्या दिवशी तिसरा दिवा गेला. बायकोने काचा गोळा केल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कंबर अशी नाही हलत. सरका." तिने त्याच्या हातातला झाडू बाजूला केला, एक ओली चादर आणली आणि झटकली. बंदुकीसारखा आवाज झाला. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. तीनघावने या खेपेला तिचे पाय पाहिले. मागचा, पुढचा, कंबर, आणि हात सगळ्यात शेवटी, नुसते सोडून दिल्यासारखे.

"तुला हे कुणी शिकवलं?"

"चारशे चादरी रोज. हाताने झटकल्या असत्या तर पहिल्याच वर्षी मेले असते."

कारखान्यात मात्र प्रकरण आधी आणखी बिघडलं. अर्धवट शिकलेली कंबर ही न शिकलेल्या कंबरेपेक्षा धोक्याची असते. कधी पाय लवकर, कधी हात आधी. एका पिनेला नऊ घाव लागले, दुसरीला तेरा. पंच धरणारा त्याचा जोडीदार, ज्याला शेडमध्ये गप्प्या म्हणत कारण तो कधीच गप्प बसत नसे, त्याने एके दिवशी पंच खाली ठेवला.

"तीनघाव, तू हल्ली मारण्याआधी नाचतोस. मी बायकापोरांचा माणूस आहे. मला याहून लांब दांड्याचा पंच मिळेपर्यंत मी धरणार नाही."

"मिळेल. तोवर डोळे मीट."

"मी मीटतोच आहे! म्हणून तर जिवंत आहे."

लांब दांड्याचा पंच बनला. दिवस संपत आले. उरलेल्या पिना जावईच काढत होता, एकामागून एक, न बोलता. फोरमनच्या टेबलावर कागद तसाच होता. त्यावर तारखेची जागा तेवढी कोरी.

महिना संपायला दोन दिवस असताना एक जुनं धूड आलं. त्याची पिन अशा कोपऱ्यात होती की एका बाजूला लोखंडी पट्टी आणि दुसऱ्या बाजूला तेलाच्या नळ्या. जावयाला चारही बाजूंनी लावून पाहिलं. जागा पुरेना. फोरमन घाम पुसत म्हणाला, "गॅसने कापावी लागणार." मग त्याची नजर घणाकडे गेली, आणि तिथून तीनघावकडे. "दादा? बघता एकदा?"

शेडमधले आवाज एकेक करून बंद झाले.

तीनघाव कोपऱ्यात शिरला. गप्प्याने पंच टेकवला, डोळे मिटले आणि कधी नव्हे तो गप्प झाला. तीनघावने घण उचलला. सवयीने छाती पुढे आली. त्याने ती मागे घेतली. सवयीने मूठ आवळली. त्याने दुधाची पिशवी आठवली. मागच्या पायावर तो जरा बसला. लोकांना तो थकल्यासारखा दिसला. कुणीतरी जीभ चावली.

पुढची टाच टेकली. कंबर दारावर टिचकी द्यावी तशी वळली. घण मागेच होता, आणि मग नव्हता.

"एक!"

गंज लाल पिठासारखा उडाला. आवाज वेगळा होता. पूर्वी आपटल्याचा यायचा, हा आत गेल्याचा होता. गप्प्याने एक डोळा उघडला.

दुसऱ्या घावाआधी तीनघावला एक विचित्र गोष्ट जाणवली. खांदा दुखला नव्हता. खांदा वाटेत होता, एवढंच. निरोप त्याच्यावरून पुढे गेला होता.

"दोन!"

आणि लगेच तिसरा, कारण आता रांग लागली होती आणि थांबवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. टाच, कंबर, छाती, घण...

"तीन!" शेड ओरडली. पण घणाला समोर काही लागलंच नाही. पिन दुसऱ्या घावालाच बाहेर पडली होती आणि पंच तिच्यामागोमाग भोकात अर्धा गेला होता. तीनघाव घणासकट स्वतःभोवती फिरला आणि ग्रीसच्या डब्यावर बसला. डब्याने आपल्या परीने सहन केलं.

पलीकडे पत्र्यावर पिन अजून डुगडुगत होती.

मग वाद झाला. शेडचं म्हणणं, दोनात निघाली. गप्प्याचं म्हणणं, तिसरा घाव हवेला बसला तरी तो घावच. आणि फोरमनसमोर वेगळाच पेच. त्याने तीनाची अट घातली होती. दोनाचं काय करायचं याची तरतूद नव्हती. शेवटी तो केबिनमध्ये गेला, कागद आणला आणि सगळ्यांदेखत फाडला.

"जावई राहील हं दादा," तो म्हणाला. "सोप्या पिना त्याच्याकडे."

"राहू दे. जावयाला घालवतं का कुणी?" तीनघाव डब्यावरूनच म्हणाला. उठायला त्याला जरा वेळ लागत होता.

त्याचं नाव बदलून दोनघाव करावं अशी सूचना चहाच्या वेळी आली. ती फेटाळली गेली. नावाची सवय झालेली असते.

घरी येताना त्याने मंडईतून दोन पिशव्या भाजी घेतली. एक डाव्या हातात, दुसरी उजव्या. उंबरठा ओलांडला आणि मागे न बघता कमरेने दाराला टिचकी दिली. दार असं बसलं की भिंतीवरचा फोटो एका बाजूला कलला. चिमटीने पुस्तकातून मान वर केली, उजव्या हातातली पिशवी पाहिली आणि उठून फोटो सरळ केला.

बायको नेहमीच्या वेळी तेलाची बाटली घेऊन आली आणि त्याच्या उजव्या बाजूला बसून झाकण उघडू लागली.

"तिथे नको," तो पालथा पडत म्हणाला. "कंबरेला."